एक गाडी, दोन डबे

मोरूशेठ रेल्वेचं तिकीट काढायला आले की माझ्या दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर ऐसपैस बसत आणि दर वेळी तेच सांगत, "माजं एसी चेअर, खिडकी, खायाचं धरून. तिचं साधं." तिचं म्हणजे त्यांच्या बायकोचं, वनिताकाकीचं. गाडी तीच, तारीख तीच, डबे मात्र दोन. रेवदंड्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे गावातली निम्मी तिकिटं माझ्या हातून निघतात. एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा प्रवासाला निघाले की शेजारच्या जागा मागतात. बायकोला ठरवून दुसऱ्या डब्यात बसवणारं हे एकच गिऱ्हाईक.

पहिल्या खेपेला मी भाबडेपणाने म्हटलं, "शेठ, एसीत दोन जागा शेजारी-शेजारी आहेत की."

"गाडी एकच हाय ना? दोघां एकाच टायमाला पोचतंव. मंग तुज्या पोटात का दुखतंय?"

घराणं मिठागरातलं. मोरूशेठ मात्र तरुणपणीच ट्रकवर चढले, पुढे स्वतःचे चार ट्रक झाले. "तीस वरसां इंजिनच्या बाजूला भाजून निघालो. आता थंड बसनार," म्हणायचे. ते मला पटायचं. पण काकीही लग्नानंतर कित्येक वर्षं मिठागरात अनवाणी पाट्या वाहत होत्या, असं म्हटलं की शेठ हसत. "म्हनूनच तं! तिला उनाची सवय हाय."

वाईट याचं वाटतं की हा माणूस मला आवडायचा. माझ्या वडिलांना अलिबागच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा स्वतःची कामं टाकून तीन दिवस तो बाहेरच्या बाकावर बसून होता. गावात कुणाचं काही अडलं की आधी त्यांच्याकडे धाव. सगळ्या गावाला पुरून उरणारी ती माया घराच्या उंबऱ्यावर येऊन कशी संपायची, ते मला कधी कळलं नाही.

एकदा मलाही रत्नागिरीला काम होतं. त्यांची मुलगी तिथेच दिलेली, तिच्याकडे दोघं निघाले होते. शेठ म्हणाले, "माज्या बाजूला तुजं बी एसीच काढ, पैसं माजं. एकट्याला कंटाला येतो." मी काढलं. हो, काढलं. रोह्याला गाडीत चढताना काकी चार पिशव्या घेऊन साध्या डब्याकडे गेल्या आणि आम्ही दोघं रिकाम्या हातांनी गारव्यात जाऊन बसलो. सामान नेहमी काकींकडेच असायचं. शेठ पाकीट आणि फोन सोडून काही जवळ बाळगत नसत.

चिपळूण गेल्यावर काकी डब्याडब्यांतून वाट काढत आल्या. हातात स्टीलचा डबा. "घावने हायत, मऊ हायत अजून," म्हणाल्या. शेठच्या पुढ्यात गाडीतलं कटलेट होतं. त्यांनी डब्याकडे पाहिलंही नाही. मागून येणाऱ्या टीसीला हाक मारली, "साहेब, या बाईचं तिकीट बघा जरा. कुठल्या डब्याचं हाय?"

टीसी बिचारा गोंधळला. काकींनी पदराच्या गाठीतून मी छापून दिलेला कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला. "मावशी, तुमची जागा पुढे आहे," तो हळूच म्हणाला. काकी डबा घेऊन परत गेल्या. "ज्या डब्याचं तिकीट न्हाय त्या डब्यात पाय टाकाचा न्हाय. शिकंल हलूहलू," शेठ म्हणाले आणि हसले. आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मागच्या वर्षी शेठच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. रत्नागिरीला जायची वेळ आली तेव्हा काकी पहिल्यांदाच एकट्या दुकानात आल्या. "बाला, या खेपेला दोघांचं एकाच डब्यात कर. साधा असला तरी चालंल. डॉक्टर बोलले, यांच्याजवल कोनतरी पायजे." मी शेठना फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून उत्तर आलं, "तिला सांग, मी मरनार असलो तं गारव्यात मरंन." काकी ऐकत उभ्या होत्या. मी दोन डब्यांची तिकिटं काढली, जातानाची आणि येतानाचीही.

परतीच्या दिवशी दुपारी काकींचा फोन आला. "मी रोह्याला उतरले. हे उतरले न्हाईत. गाडी गेली."

मी इकडेतिकडे फोन केले. पनवेलला लोकांनी त्यांना खिडकीच्या खुर्चीतून उचललं. शेजारच्याला वाटलं होतं, झोप लागली आहे. पुढ्यात अर्धं कटलेट तसंच होतं.

तेराव्यानंतर काकी दुकानात आल्या. लेकीकडे जायचं होतं. मी न विचारताच एसीचं पान उघडलं. मला राहवलं नाही, विचारलं, "काकी, गोळ्या त्यांच्याजवळ नव्हत्या?"

"माज्या पिशवीत. मानगावच्या अलीकडं फोन आलेला. बोलले, छाती जलजलते, कटलेट बाधलं वाटतं, गोली घेऊन ये."

"मग?"

"मी बोलले, माजं तिकीट त्या डब्याचं न्हाय. रोह्याला उतरल्यावर देतंव."

"ते काय म्हणाले?"

"हसले. बोलले, शिकलीस गो."

मग त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "खिडकी बघ. आन खायाचं पन धर."