अन्वरभाईंचा दुसरा पेशा

कंपनीची बस कुरुळीतल्या अन्वरभाईंच्या जुन्या पत्र्याच्या खोलीवरून जाते, तेव्हा मी अजून मान वळवून बघतो. आता तिथं दुसरे भाडेकरू राहतात. चार वर्षं दर गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तिथं आमचा डाव बसायचा. तसे गुरुवार पुन्हा येणार नाहीत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

खेळ आणला दिव्यानं. ती आमच्या कंपनीत इंजिनिअर. फासे टाकून ताकद, बुद्धी असे गुण ठरवायचे, लढवय्या, जादूगार, चोर यांतला एक पेशा घ्यायचा आणि बोलत बोलत मोहिमेवर निघायचं. मोहीम रचायचे आणि नियम सांभाळायचे अन्वरभाई. परांड्याचे, सातवी शिकलेले, चोवीस वर्षं कामात मुरलेले वेल्डर. दिव्याकडून खेळाचं इंग्रजी पुस्तक समजून घेऊन त्यांनी सगळे नियम एका जुन्या शिफ्ट-रजिस्टरात मराठीत उतरवले होते.

त्यातल्या एका नियमावरून माझं त्यांच्याशी वाजलं. दोन पेशे एकत्र करायचे, तर दोन्हींना लागणारे गुण किमान तेरा हवेत, आणि दुसरा पेशा पहिल्या पायरीपासून सुरू. माझा लढवय्या आठव्या पायरीवर पोचला होता आणि मला जादूही हवी होती. पण बुद्धी बारा.

“एकानं काय होतंय, अन्वरभाई?”

“तपासणीत जॉब एक एमएम कमी भरला तर पास करतोस व्हय? बारा म्हंजे बारा.”

मी रुसून दोन गुरुवार गेलोच नाही. असला हट्टी माणूस! गेज न लावता नुसत्या नजरेनं माप सांगायचा, आणि खेळातही तसूभर सोडायचा नाही.

गेल्या वर्षी कंपनीच्या वेल्डिंग शॉपमध्ये रोबो आले. जुन्या वेल्डरांनी एक तर दिव्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून रोबो शिकायचा, नाहीतर घरी जायचं. शुक्रवारी शिकाऊंच्या यादीत नाव द्यायचं होतं. गुरुवारी अन्वरभाईंनी रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं.

“सांभाळ, सुजित. मी परांड्याला चाललो.”

“पहिल्या पायरीची लाज वाटते?” मी मुद्दाम टोचलं.

“लाज न्हाई रे. माझी बुद्धी तेरा भरत न्हाई. कॉम्प्युटर हाय त्यो.”



“काका, वेल्डिंगची टॉर्च कुठल्या कोनात धरायची ते रोबोला कोण सांगणार?” दिव्या म्हणाली. “मला नाही येत.”

मी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्याच अक्षरातली ओळ वाचून दाखवली. फासे टाकल्याशिवाय कुणाचाही कुठलाही गुण धरायचा नाही.

“तुम्ही कधी टाकलेत? टाका की.”

त्यांनी तीन फासे टाकले. पाच, चार, दोन.

“तेरा,” मी म्हणालो आणि फासे झटकन उचलले. दिव्या दाराबाहेर बघायला लागली.

अन्वरभाईंनी माझ्या मुठीतल्या फाशांकडे बघितलं. मग त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि पेन मागितलं.

शुक्रवारी ते शिकाऊंची पिवळी टोपी घालून दिव्यासमोर उभे राहिले. आता ते दोघं रोबोच्या लाइनवर असतात. रोबोंना गुरुवार नसतो, त्यामुळे सुट्ट्या जुळत नाहीत आणि डाव मोडला तो मोडलाच. रजिस्टर माझ्याकडे आहे. त्याच्या शेवटच्या पानावर अन्वरभाईंचं नाव आहे, आणि त्यापुढे त्यांच्याच हातानं लिहिलंय, बुद्धी तेरा.