एकशे ऐंशी किलोमीटरचे सर

बोलता बोलता ते मधेच दोन बोटं गळ्याला लावायचे आणि समोरच्याला हातानं थांबवायचे. पंधरा सेकंदांनी म्हणायचे, "छप्पन्न. हां, बोला." तुमच्या घरी लग्न असो की मयत, आधी त्यांची नाडी, मग तुमची बातमी.

हे आमच्या सानगडीच्या शाळेतले गणिताचे सर. माझं घर त्यांच्या घरासमोर आणि शाळेत खुर्ची त्यांच्या शेजारी, म्हणून हा माणूस मला जरा जास्तच पाहायला मिळाला. चाळिशी उलटेपर्यंत ते तुमच्याआमच्यासारखेच होते. मग तपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. सरांनी ऐकलं ते असं: पावणेचार किलोमीटर पोहायचं, लगेच एकशे ऐंशी किलोमीटर सायकल हाणायची आणि वरून बेचाळीस किलोमीटर पळायचं. सगळं एकाच दिवसात. अशी शर्यत कुठंतरी समुद्राकाठी होते हे त्यांनी मोबाइलवर शोधलं, नाव नोंदवलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर आठ महिन्यांचा रंगीत तक्ता चिकटवला. त्यात दर सोमवारी हिरव्या अक्षरांत 'रेस्ट डे' होता. घरच्या धानाची रोवणी कुठंच नव्हती, मुलीची दहावीही नव्हती. गणिताच्या सरांची मुलगी गणिताच्या ट्यूशनला साकोलीला जायची, कारण संध्याकाळचा तास वडिलांच्या पोटऱ्यांना दिलेला होता.

पोहण्याचा सराव गावतलावात चाले. काळा घट्ट पोशाख, डोक्याला रबरी टोपी. जाळं टाकायला आलेला एक म्हातारा ढीवर आपल्या डोंग्यातून त्यांना रोज पाहायचा. एकदा त्यानं डोंगा जवळ आणला.

"सर, तुमाले जाचं कुठं हाये?"

"त्या काठाले."

"मंग?"

"मंग वापस."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "काही इसरले होते काय तिकडं?"

त्यांची सासुरवाडी नाकाडोंगरीची. सानगडीहून जाऊन-येऊन अंतर एकशे ऐंशीच्या आसपास भरतं, हे लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर सरांच्या लक्षात आलं, आणि त्यांना सासरची एकदम ओढ लागली. एका रविवारी ते सायकलनं तिथं पोचले, सासूबाईंच्या पाया पडले, पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या आणि सातव्या मिनिटाला परत निघाले. जावयासाठी कोंबडा आणायला सासूबाईंनी शेजाऱ्याला पाठवलं होतं. तो कोंबडा घेऊन आला तेव्हा जावई गावाबाहेर पडले होते. सासूबाईंनी रडत मुलीला फोन केला, "जवाई आले अन् बसले बी नाही. भांडण झालं काय तुमचं?"

सरांच्या बायको, आमच्या वहिनी, हे आम्हाला हसत हसत सांगायच्या. पण रोवणीच्या बाया जमवणं, सासऱ्यांची औषधं, गॅसचं सिलिंडर, मुलीला बसस्टॉपवर सोडणं, सगळं त्यांच्याकडंच आलं होतं. सरांना काही म्हटलं की उत्तर ठरलेलं. "शर्यत होऊ दे, मंग सारं मीच करतो."

भादव्यातल्या एका रविवारी सर सायकलवर होते आणि मागच्या अंगणात त्यांचे वडील शेवाळावरून घसरून पडले. वहिनींनी पाच वेळा फोन लावला. सरावात व्यत्यय नको म्हणून तो बंद असायचा. शेवटी त्यांनी मला हाक मारली. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आम्ही म्हाताऱ्याला आडवं केलं. साकोलीपर्यंत ते दात घट्ट मिटून होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुपारी मी त्यांचे कपडे न्यायला परत आलो, तर सर कुलूप लागलेल्या दारापुढं उभे होते, घामानं निथळत. मला पाहून आनंदानं म्हणाले, "सात तास चार मिनिटं. आजवरचा सगळ्यात चांगला टाइम."

मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. ती घसरून आडवी झाली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. त्याच घट्ट चड्डीत ते माझ्या गाडीत बसले आणि तशाच चड्डीत दवाखान्याच्या वॉर्डात शिरले. आजूबाजूचे पेशंट आपलं दुखणं विसरून बघायला लागले.

वहिनी खाटेजवळ बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "टाइम कसा आला?"

तो टोमणा नव्हता. दर रविवारी विचारायच्या, तसंच सवयीनं विचारलं होतं. सर तिथंच फरशीवर बसले.

शर्यतीचा दिवस आला तेव्हा ते माझ्या शेजारच्या खुर्चीत नववीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. स्वभाव मात्र बदलला नव्हता. वडिलांना चालवायचं होतं, तर त्यांच्या खाटेसमोर नवा तक्ता लागला: पहिला आठवडा खाट ते उंबरठा, दुसरा आठवडा उंबरठा ते तुळस. पहाटे तलावावर जाण्याच्या वेळी सर आता वडिलांना आंघोळ घालायचे. म्हातारा वॉकर धरून एकेक पाऊल टाकायचा आणि सर बाजूला उभे राहून मोठ्यानं मोजायचे. एकदा अंगणाच्या मधोमध थांबून म्हाताऱ्यानं विचारलं, "काहून रे, माहा रेस्ट डे कधी असते?"

"सोमवारी," सर म्हणाले.

"आज कोणता वार हाये?"

"मंगळवार."

म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडून पुढचं पाऊल टाकलं.

उन्हाळ्यात सरांची बदली आंबागडला झाली. सामानाचा टेम्पो दारात लागला. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी वडील, वहिनी आणि मुलगी कशीबशी मावली. मागं कपाट, कोठी, गाद्या रचून झाल्यावर सायकलला जागा उरली नाही, आणि सरांनाही. वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "या मंग सायकलनं. फोन चालू ठेवा."

सरांनी मान हलवली. कित्येक महिन्यांनी ते सायकलवर बसले, साधी पँट घालून, पायाजवळ दोरी बांधून.

मी केबिनच्या दाराशी उभा होतो. इंजिन सुरू झालं तसा म्हाताऱ्यानं ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला. "धीरे चालव बापा. माहा पोरगा मांगं येऊन राहिला."

साकोलीच्या वळणापर्यंत मला टेम्पो दिसत होता. तोवर काही त्या ड्रायव्हरनं वेग घेतला नाही.