मामांनी आवळलेले बोल्ट

बोल्ट बसवून झाला की मामा उठायचे, पान्यावर टाच ठेवायचे आणि अंगाचा सगळा भार टाकून एक शेवटचा दणका द्यायचे. मग फडक्याला हात पुसत म्हणायचे, "आता हा माझ्याशिवाय कुणाच्या बापाला निघायचा नाय."

आम्हाला वाटायचं, हा कामाचा अभिमान. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. ती धमकी होती, हे कळायला गल्लीला वर्षं लागली.

हर्सूलच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांचेच मामा. शेंद्र्याच्या एका कंपनीत फिटर होते, तिथून रिटायर झाले. रविवारी सकाळी दारात पोतं अंथरायचं, आपली जुनी मोटारसायकल स्टँडवर घ्यायची, आणि तिचं झालं की ज्याची त्याची गाडी फुकटात बघायची. जाम बोल्ट काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मान्य करायलाच हवं. आपण लोक गंजलेल्या बोल्टाला पाना लावून आधी जोर करतो आणि त्याचं डोकं गोल करून बसतो. मामा डिझेलमध्ये ऑईल मिसळून बोल्टावर सोडायचे, निवांत चहा प्यायचे, हातोडीनं बारीक टोले द्यायचे. आणि सोडवायच्या आधी बोल्ट केसभर आणखी आवळायचे. "आधी आवळायचा, मंग सोडायचा. लगेच गंज तुटतो." हे सांगताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखं व्हायचं.

जीभ मात्र जहाल. मला म्हणायचे, "काय साहेब, पेनाशिवाय दुसरं काय उचललंय का जन्मात?" समोरच्या गुरुजींच्या हाताला ते शेवग्याची शेंग म्हणायचे. आम्ही हसायचो. फुकट काम करणाऱ्याच्या शिव्या कुणाला लागत नाहीत.

एकदा मामा गावाला गेले असताना मी गाडीचं ऑईल बदलायला नाक्यावरच्या मेकॅनिककडं गेलो. त्यानं खालच्या बोल्टाला पाना लावला, लालबुंद झाला, शिव्या हासडल्या. शेवटी बोल्ट निघाला तो आतले आटे घेऊनच. "साहब, इतना टाइट किसने किया? गाडी से दुश्मनी है क्या?" मामा आल्यावर मी चिडून सांगितलं. त्यांचा चेहरा असा फुलला, जसा काही नातू झाला. "दुसऱ्याकडं गेलता व्हय? मंग भोगा!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गल्लीतली एकही गाडी त्यांनी दुसऱ्याच्या हाताला लागू दिली नव्हती.

घरातही तेच. तेलाचा डबा, लोणच्याची बरणी, पाण्याची बाटली, नळ, सगळं मामांनी पिळून बंद केलेलं. मामी अंगानं बारीक. तिला काहीही उघडायचं म्हणजे हाक मारावी लागायची, "अहो, जरा येता का?" मग मामा पेपर वाचून संपवायचे, जांभई द्यायचे, आणि बऱ्याच वेळानं येऊन एका पिळ्यात झाकण काढायचे. "हाक मारायची. मी हाय ना!" पाहुण्यांसमोर तर हे हमखास. मामी पदर तोंडाला लावून हसायची. आम्हाला वाटायचं, नवरा-बायकोची गंमत आहे.

मग त्यांची एकुलती एक लेक बाळंतपणाला आली. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, आठवड्यानं कधीतरी येतं, आणि आलं की गल्लीत लग्नघरासारखी धावपळ. त्या दिवशी पाणी आलं तेव्हा मामा गावाला होते. जाण्यापूर्वी गळती नको म्हणून हौदाचा कॉक त्यांनी आवळून ठेवला होता. मामीनं जोर केला, फडकं लावून केला, उलथन्यानं ठोकलं. मी गेलो, गुरुजी आले, आमचे हात सोलले. कॉक हलला नाही. समोर सगळ्यांचे हौद भरून वाहत होते आणि घरात ओली बाळंतीण, तान्हं पोर, धुवायला दुपट्यांचा ढीग. मामीनं फोन केला. मामा फोनवर इतके हसले की मलाही ऐकू आलं. "राहू दे तसंच. उद्या येऊन बघतो."

उद्या म्हणजे चौथा दिवस. तोवर आम्ही बादल्या पोचवत होतो, पण पुरणार किती? लेकीची सासू बाळाला बघायला आली, हौदात डोकावली आणि त्याच संध्याकाळी बाळबाळंतिणीला घेऊन गेली. "आमच्याकडं पाणी तरी हाय," एवढंच म्हणाली. मामी फाटकापर्यंत बाळाची टोपी हातात घेऊन गेली. ती टोपी द्यायचीच राहिली.

मामांनी येऊन गल्लीसमोर एका हिसक्यात कॉक उघडला. "एक मर्द नाय का रे गल्लीत?" नंतर महिनाभर ते हाच किस्सा सांगत होते. माझ्या मनात आलं, या माणसाला कुणीतरी एकदा असंच आवळायला हवं. आलं होतं खरं.

त्या दिवसापासून मामी रविवारी पायरीवर बसायला लागली. हातात निवडायला मेथी नाहीतर तांदूळ, नजर पोत्यावर. डिझेल किती, ऑईल किती, टोला कुठं, पाना कसा धरायचा. मामांना वाटलं, बायकोला आपलं कौतुक आहे. ते आणखीच रंगात येऊन सांगायचे.

लेक परत माहेरी राहायला आली नाही.

मामांची उजवी बाजू गेली ती एका सकाळी दाढी करताना. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला तर ठेवलेल्या जागी पडून असायचा. जीभ जड झाली. बोललेलं कळायला दोनदा ऐकावं लागायचं.

दिवाळी सरली आणि मामीनं मोटारसायकल बाहेर काढली. चाक बसलं होतं. मला म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं पाईपाचा तुकडा हाय का? पान्याच्या दांड्याला लावायचा. पंक्चर काढून गाडी जावयाकडं पाठवायची." मी म्हटलं, "मामी, मेकॅनिकला बोलावतो." म्हणाली, "नको. बघते मी."

तिनं मामांची खुर्ची दारात आणून ठेवली, अगदी समोर. मागच्या चाकाच्या नटावर डिझेल आणि ऑईल आदल्या दिवशीच सोडलं होतं. बारीक टोले दिले. पाना लावला, पाईप चढवला, आणि आधी केसभर आवळला. ते बघून मामांच्या घशातून एक आवाज निघाला. मग तिनं पाना फिरवून लावला, पदर खोचला आणि पाईपावर उभी राहिली. दोन्ही पायांनी. नट कर्रकन वाजला आणि सुटला.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गुरुजींनी तर वाजवल्याच.

"हा...क," मामा म्हणाले. "हाक... मा..."

"कशाला मारू?" मामी नट पुसत म्हणाली. "बसा की तुम्ही."

गाडी गेली. पोतं धुऊन तिनं त्याचं पायपुसणं केलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मार्चमध्ये. उन्हाचा कडाका सुरू झाला होता. मामा दारातल्या खुर्चीत बसले होते. पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हातानं झाकण फिरवायला बघत होते. ओठ सुकलेले. झाकणावर दातांच्या खुणा होत्या, आणि कडेला पान्याच्या. मला राहवलं नाही. झालं ते झालं, माणूस तहानलेला होता. म्हटलं, "आणा मामा, इकडं द्या."

मी पिळलं. रुमाल लावून पिळलं. तळव्याला वळ उठले, पण झाकण हललं नाही.

मामा माझ्याकडं बघत होते. माझी काय लायकी ते त्यांना माहीत होतंच. मी बाटली गुपचूप त्यांच्या गुडघ्यांत ठेवली.

मग ते वळले आणि घरात बघून, सगळा जीव गोळा करून ओरडले, "अ...गं!"

आत मामी तांदूळ निवडत बसली होती. मला दारातून दिसत होती. तिनं मान वर केली नाही.

"आले हं," म्हणाली. "एवढं सूप झालं की आलेच. मी हाय ना!"

सुपात मूठभर तांदूळ होते. तिनं तांदळाच्या पोत्यातून आणखी दोन ओंजळी घातल्या.