हळदकुंकू लावलेलं अनुभवपत्र

आमच्या उमरेडच्या घरी हातमागावरून नवं लुगडं उतरलं की बाबा पदराच्या दशांना हळदकुंकवाचं बोट लावत. त्याशिवाय लुगडं दाराबाहेर जात नसे. माझी दहावीची गुणपत्रिका, कॉम्प्युटरची पदवी, सगळ्यांच्या कोपऱ्यात ते बोट आहे.

पदवीनंतर दीड वर्ष मी एसटीनं नागपूरला हेलपाटे मारले. जिथं जावं तिथं एकच प्रश्न, "अनुभव किती?" अरे बाबांनो, पहिली नोकरी कुणी दिल्याशिवाय अनुभव काय आभाळातून पडणार? डोकं सणकायचं. इकडे बाबांचे डोळे अधू होत होते. तुटलेला धागा जोडायला ते तीन-तीनदा चाचपायचे. डॉक्टरांनी माग सोडायला सांगितलं होतं. तुझी नोकरी लागली की सोडतो, म्हणायचे.

शेवटी नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातल्या एका क्लासवाल्यानं मला दोन वर्षांचं अनुभवपत्र करून दिलं. बंद पडलेल्या कंपनीचं नाव, शिक्का, सही, सगळं झकास. "सगळेच करून राहिले, मॅडम," तो म्हणाला. मीही मान डोलावली.

"काहाचा कागद हाय वं?" घरी बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "उद्याच्या इंटरव्ह्यूचा." त्यांनी देव्हाऱ्यातून हळदकुंकू आणलं आणि कोपऱ्यात बोट टेकवलं. मी खाली मान घालून बॅग आवरत बसले.

दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांनी माझी सगळी उत्तरं ऐकून घेतली. बरी गेली होती. मग अनुभवपत्र उचलून ते सहज म्हणाले, "हे लाल काय लागलंय?"

"बाबांनी कुंकू लावलंय," मी म्हटलं. पाठ केलेलं पुढचं सगळं विसरले. "सर, हे पत्र खोटं आहे. मी तिथं एक दिवसही काम केलेलं नाही."

त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. बस स्टँडवर मी रडले ते पश्चात्तापानं नाही, स्वतःवरच्या रागानं. काय गरज होती तोंड उघडायची? घरी फक्त "नाही झालं" एवढंच सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले आणि मागावर जाऊन बसले.

ते पत्र मी चुलीत घातलं. बाबांना किनारीची नक्षी मोबाइलवर मोठी करून दिसावी म्हणून मी एक छोटं ॲप केलं होतं. पुढं तेच दाखवत फिरले. अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहायचे. आठ महिन्यांनी सात माणसांच्या एका कंपनीनं ते ॲप तासभर उलटंपालटं करून पाहिलं आणि मला घेतलं.

नेमणुकीचं पत्र बाबांच्या हातात दिलं. त्यांनी कोपरा चाचपून बोट लावलं. मी त्यांच्याकडेच बघत होते.

"मागच्या कागदाले कुंकू लावलं तवा तू वर पाहिलं नाही," ते म्हणाले. "खोटा होता ना?"

"मग तुम्ही बोलले काहून नाही, बाबा?"

"धागा दिसत नाही वं मले. पोरगी दिसते. तूच सांगशील म्हणून थांबलो होतो."

आठ महिने ते डोळे ताणून मागावर बसले होते, आणि मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.