नॉचच्या आड गेलेला कान

चौदा मार्चला टकटकताईंनी एक लाख एकोणीस हजार नऊशे मोजून नवा लॅपटॉप घेतला. पडद्याच्या वरच्या कडेला मधोमध एक काळी खाच होती.

"याला नॉच म्हणतात. आत कॅमेरा असतो," दुकानदार म्हणाला.

"असू दे. मला कुठे त्यात तोंड बघायचंय!"

ताईंचे काम कानाचे आणि बोटांचे. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याशेजारी बसायचे आणि समोरचा बोलेल ते टाइप करायचे. ते विद्यार्थ्याच्या टॅबवर उमटते. एकोणीस वर्षे हेच काम केल्यामुळे त्यांना टकटकताई हे नाव पडले. ज्या प्रोग्रॅमवर हे चालते, त्याचे पडद्याच्या वरच्या कडेच्या पट्टीत उजवीकडे कानाचे इवलेसे चिन्ह असते. त्यावर क्लिक केले की टॅब जोडला जातो. दुसरा मार्ग नाही. त्या चिन्हाच्या शेजारी ताईंनी आणखी पंधरा चिन्हे जमवली होती: हवामान, तीन घड्याळे, पाणी प्यायची आठवण, काय नि काय. एकदा घरात आलेली वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा नियम लॅपटॉपलाही लागू होता.

जूनमध्ये एका सकाळी सिस्टिमचे अपडेट झाले आणि कान गायब. अकरा वाजता एका मुलीची शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. परीक्षकांचा प्रश्न तिच्यापर्यंत पोचणार तो ताईंच्या बोटांतूनच. ताईंनी प्रोग्रॅम काढून दोनदा नव्याने टाकला. कान आला नाही. पावणेदहाला त्या धाकट्या दिराच्या दुरुस्तीच्या दुकानात थडकल्या.

दिराला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्याने सवयीप्रमाणे लॅपटॉप टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनला जोडला.

"हा काय कान! वहिनी, चष्मा बदला."

कान खरोखरच होता. ताईंनी तार उपटली. कान गेला. जोडली, आला.

"भावजी, ही चेष्टा करायची वेळ नाही हं."

"मी कुठे करतोय? अपडेटने चिन्हांमधलं अंतर वाढवलंय. रांग सरकत सरकत नॉचच्या मागे गेली. मोठ्या स्क्रीनला नॉच नाही, म्हणून तिथे सगळे हजर."

"मग काढा की त्याला बाहेर!"

"त्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी घरी पाठवावं लागेल. ही पाण्याची आठवण कशाला? तहान लागलेली कळत नाही तुम्हाला?"

"राहू द्या हो ते. कामाला येईल."

"वहिनी, दहा वाजून पाच."

"काढा," म्हणून ताईंनी तोंड फिरवले.

पाणी गेले, हवामान गेले, तिन्ही घड्याळे गेली. उरलेली चिन्हे उजवीकडे सरकली आणि खाचेला खेटून कान बाहेर आला. ताईंनी क्लिक करून पाहिले. तो हिरवा झाला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आता बघत काय बसलात? पळा!" दिराने टॅक्सी थांबवली, भाडे स्वतःच देऊन टाकले आणि वहिनींना आत बसवले.

अकराला सात मिनिटे कमी असताना टॅब जोडला गेला. पहिला प्रश्न आला, बोटे चालू लागली. मुलीने वाचले आणि ती घडाघडा बोलत सुटली. चाळीस मिनिटे ताईंनी मान वर केली नाही. दाराबाहेर पडल्यावर मुलीने त्यांना अशी काही मिठी मारली, की लॅपटॉपची पिशवी खांद्यावरून घसरली.

टॅक्सीचे एकशे चाळीस दिराला अजून द्यायचे आहेत.