रविवारच्या कॉलेजचे उमेदवार

हॉटेलवाल्याकडं दोन गोष्टी न मागता साठतात. दांडी तुटलेले कप आणि लोकांचे किस्से. कप फेकून देता येतात. किस्से फेकले तरी गिऱ्हाईक उचलून आणतं आणि म्हणतं, "बाबा, ते येडगाववाल्याचं सांगा की." शंभरदा सांगितलंय. ज्यानं ऐकलंय त्यानं चहा पिऊन उठावं, बाक अडवू नये.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या गल्लीत माझं चहाचं हॉटेल. समोर शाळा. सहा दिवस पोरांची, रविवारी मोठ्यांची. नव्वद सालानंतर कधीतरी तिथं विद्यापीठाचं केंद्र आलं. ज्याचं शिक्षण मधेच सुटलं त्यानं रविवारी यायचं आणि राहिलेलं पुरं करायचं. तिथं समाजकार्य होतं, इंग्रजी भाषा होती, आणि दहावी-बारावीत गाडी अडकलेल्यांसाठी एक तयारीचा वर्ग होता. काळे सर सगळं एकटे बघायचे. माणूस भला, पण चहा बिनसाखरेचा प्यायचा. असल्या माणसावर माझा पुरता विश्वास बसत नाही.

मी चौथीत शाळा सोडलेली. सर दरसाल म्हणायचे, "बाबा, तुम्ही पण अर्ज करा."

मी म्हणायचो, "मी शिकलो तर चहा कोण करील? तुम्ही?"

सर कप उचलायचे.

*

तर ते येडगाववाले. बबनराव त्यांचं नाव, धरणाच्या कडेला द्राक्षाची बाग. एका रविवारी आले आणि सरांना म्हणाले, "सर, मला निस्तं नाय म्हणायचं इंग्रजी शिकवा."

सर म्हणाले, "आणि हो म्हणायचं?"

"हो म्हणायला मान हाये की."

मुंबईकडचा एक व्यापारी बागेत यायचा आणि फाडफाड इंग्रजीत भाव सांगायचा. बबनरावांना नकार सुचेपर्यंत माल गाडीत चढलेला असायचा. सर म्हणाले, नुसत्या नकाराचा कोर्स विद्यापीठात नाही, आख्खा घ्यावा लागेल. बबनरावांनी आख्खा घेतला. वर्षभर बागेतली फवारणी सोडून वर्गात बसले.

पुढच्या हंगामात व्यापारी आला. भाव बोलला. बबनरावांनी इंग्रजीत नाही म्हणून सांगितलं, वर का नाही तेही सांगितलं. व्यापारी म्हणाला, "अहो राव, मराठीत बोला की. मी चाकणचा हाये."

बबनरावांनी उरलेला सौदा इंग्रजीतच केला. फी भरली होती ना.

*

त्याच्या पुढच्या साली सुमन आली. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका गावची सून. गावात बालवाडीत मदतीला जायची. तिकडं काम करणाऱ्या एका संस्थेनं तिला सांगितलं होतं की समाजकार्याला प्रवेश मिळव, तुला कायमची कामाला घेतो. पण घरात सासरा, धोंडिबा. तो म्हणाला होता, "एकडाव जा. न्हाई मिळालं तर परत शाळेचं नाव काढायचं न्हाई."

समाजकार्याच्या जागा थोड्या, म्हणून त्याला मुलाखत होती. पुण्याहून माणसं यायची. मुलाखतीला अजून तीन रविवार होते. सुमन दर रविवारी सरांना काहीतरी विचारायला यायची आणि परतीच्या एसटीची वेळ होईस्तोवर माझ्याकडं बसायची. बोलायची इतकं हळू की चहा हवाय का पाणी, ते मला तिच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागायचं.

मी म्हणालो, "पोरी, तिथं अशी बोललीस तर त्यांना वाटंल, कुणी आलंच न्हाई."

ती हसली. ते पण हळूच.

*

पहिल्या रविवारी लोणीचे शंकरराव आले होते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. नातू बारावीला गेला म्हणून यांना तयारीचा वर्ग करायचा होता. अर्ज लिहिता लिहिता अडले. त्यात छापलं होतं, पालकाची संमती.

सर म्हणाले, "ते मुलांसाठी आहे. तुम्ही सोडून द्या."

शंकरराव अर्ज खिशात घालून निघून गेले. दुसऱ्या रविवारी जीप करून आले, आणि जीपमधून काठी टेकत त्यांचे थोरले भाऊ उतरले. फेटा बांधलेला, कान गेलेला.

सर म्हणाले, "शंकरराव, अहो तुम्ही साठीला आलात."

"मग? थोरले जिवंत हायेत ना अजून."

थोरल्यांनी सगळं ओरडून सांगायला लावलं. काय शिकणार, कशापायी, किती दिवस. अर्धी गल्ली जमली. ऐकून झाल्यावर त्यांनी सही केली आणि सरांना दम भरला, "शिकू द्या. पण दूध काढायच्या टायमाला घरी पायजे. सोडला न्हाई, तर मी वर्गात येईन."

सर पुढं वर्षभर शंकररावांना सगळ्यांच्या आधी सोडायचे.

सुमन माझ्या बाकावर बसून हे बघत होती. म्हणाली, "बाबा, ह्यांचे थोरले जीप करून आले."

मी तिच्यापुढं भजी ठेवली.

*

तिसऱ्या रविवारी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. तेव्हा फ्लेक्स नवीनच निघाले होते. ज्याला त्याला वाटायचं आपणही लटकावं. हा प्रकाश नावाच्या पोराचा. निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. वर त्याचा मोठा फोटो, कानाला मोबाइल. खाली आठ मित्र, सगळ्यांना काळे चष्मे. आणि मजकूर असा: समाजकार्य पदवीसाठी अर्ज केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

सरांनी डोक्याला हात लावला. "प्रकाश, अरे प्रवेश कुठं झालाय अजून?"

"सर, अर्ज तर झालाय ना?"

सुमन फ्लेक्सखाली बराच वेळ उभी राहिली. मग मला विचारलं, "बाबा, ह्यांची जागा पक्की झाली का?"

"बोर्ड पक्का झालाय," मी म्हणालो. "जागेचं माहीत न्हाई."

पण पोरीचा चेहरा उतरला तो उतरलाच.

प्रकाशला प्रवेश मिळाला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. मुलाखतीत त्याला विचारलं, समाजासाठी काय केलंत. तो म्हणाला, आत्ताच सुरुवात आहे, बाहेर बोर्ड बघा. पावसाळ्यात तो फ्लेक्स मी मागून आणला आणि गळणाऱ्या पत्र्यावर टाकला. भट्टी कोरडी राहिली. एवढं समाजकार्य त्याच्या हातून झालं, ते नाकारता येत नाही.

*

मुलाखतीच्या दिवशी सुमनबरोबर धोंडिबा आला. धोतर, खांद्यावर घोंगडी, कपाळाला आठी. ती सरांकडं नाव सांगायला गेली तेवढ्यात माझ्या बाकावर बसून म्हणाला, "मी आत जाऊन तेन्ला असं सांगतो, का हिला परत बोलावणार न्हाईत."

"पावणं, मुलाखत तिची हाये."

"आमच्यात सून दाखवायची असली तर वडीलधारं पायजेच."

"बघायला न्हाई आलेत तिला," मी म्हणालो. तो ऐकतोय कशाला.

मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो तर हा खरंच टेबलापाशी खुर्ची ओढून बसलेला. समोर पुण्याचे दोन साहेब आणि एक मॅडम. म्हाताऱ्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं, म्हणून कुणी काही बोललं नाही. आणि डोंगरातली सून सासऱ्यासमोर आवाज काढत नाही. सुमन पदर पुढं ओढून खाली बघत बसली.

मॅडमनी नाव विचारलं. धोंडिबा म्हणाला, "सुमन."

साहेबांनी काम विचारलं. धोंडिबा म्हणाला, "भात लावती. सैपाक करती."

मला वाटलं, गेली पोरगी. मी कप मांडायला मुद्दाम वेळ लावला.

शेवटी मॅडमनी पेन ठेवलं. "सुमनताई, गावात एखादा हट्टी माणूस असतो. चांगलं काम असलं तरी आडवाच येतो. त्याला कसं वळवाल?"

सुमननं एकदा सासऱ्याकडं बघितलं आणि मान पुन्हा खाली घातली.

धोंडिबा मात्र उसळला. "कसं वळवती? मला इचारा. मी भोगलंय. ह्या शिक्षणाला म्या न्हाई म्हणलं व्हतं. ही भांडली का? न्हाई. भांडली असती तर मी जिकलो असतो. हिनं आधी सासूला हिशोब लिवायला शिकवला. सासू तिकडं. मग दिराच्या पोराला वाचाया बसवला. दीर तिकडं. मग आमच्या भजनी मंडळाला अभंग मोठ्या अक्षरात लिवून दिले, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांला दिसतील असे. म्हातारे तिकडं. एक दिवस बघतो, तर आख्ख्या गावात न्हाई म्हणणारा मी एकटाच. मळणीला बोलवायला गेलो, तर मळणीला कुणी येईना. म्हणले, आधी सूनबाईला पाठव."

एका साहेबाचा चहा हातातच राहिला होता. मॅडमनी सुमनच्या नावापुढं काहीतरी लिहून कागद दोघांपुढं सरकवला. दोघांनी वाचलं, मान हलवली आणि सही केली. सुमन खालीच बघत होती, पण पदराची घट्ट धरलेली मूठ सैल झालेली मी बघितली.

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "आजोबा, अजून काही तक्रार आहे?"

"हाये की," धोंडिबा म्हणाला. "आज बोलायचं हिनं व्हतं. ते बी मलाच लावलं."