धगीचा पत्रा

भुईगावच्या घरी आमची जुनी गाडी येऊन थांबली, की बॉनेटमधून करपलेल्या केळ्याचा वास यायचा. बाबा वैतागले होते, मी त्यांच्याहून जास्त. शेवटी एका रविवारी आम्ही दोघांनी इंजिनाची धग अडवणारा पत्रा काढायला घेतला. खाऱ्या हवेने बोल्ट इतके गंजले होते की माझ्या तोंडून शिवी गेली. पत्रा हातात आला, तर वरून चिकट, मुंग्या लागलेला. आई दरवर्षी राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करायची. त्यातलाच एक तुकडा कडेला चिकटलेला.

आई दारातूनच म्हणाली, "मग काय करू? आभाळ आलं की केळी वाळत नाहीत. तुम्ही कामणहून गाडी चालवत येता, तेव्हा तो पत्रा मस्त तापलेला असतो."

आता भडका उडणार म्हणून मी बाबांकडे पाहिलं. त्या वर्षीची निम्मी सुकेळी त्यांनीच खाल्ली होती, तीही वाखाणून.

ते उठले, पत्रा घेऊन विहिरीवर गेले, साबण लावून काथ्याने लख्ख घासला आणि मगच परत बसवला.